जादाचा पाटा

सकाळी साडेआठला शिवार चौकात उभं राहिलं तर आधी चाकं दिसतात, मग बॉनेट, आणि माणसं कुठेतरी वर, काळ्या काचेमागे. हिंजवडीकडे निघालेली ही रांग जगताप डेअरीपर्यंत रखडत सरकते. यातल्या कितीतरी गाड्या इथल्याच. हॅरिअर आणि सफारी पिंपरीत बनतात, एक्सयूव्ही सातशे आणि नवी स्कॉर्पिओ चाकणला, टायगुन आणि कुशाकही चाकणलाच. गाडी जमिनीपासून दोनशे मिलिमीटर वर असणं हा आता हुंड्यासारखा सांगायचा गुण झाला आहे. आमच्या पट्ट्याने इतक्या उंच गाड्या बनवून रस्त्यावर सोडल्या की बुटक्या गाडीतल्या माणसाला सिग्नल दिसत नाही, पुढच्याची डिकीच दिसते.

माझं अर्धं आयुष्य स्प्रिंगांच्या कारखान्यात गेलं. त्यामुळे गाडी समोर आली की माझी नजर रंगावर किंवा दिव्यांवर जात नाही, ती चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीवर जाते. ती फट म्हणजे गाडी बनवणाऱ्याचं रस्त्याविषयीचं मत असतं. रस्त्यावर भरवसा असेल तर फट कमी, नसेल तर जास्त. त्या चौकातली सगळी रांग बघितली तर तिचं मत एकच आहे आणि ते महापालिकेला ऐकवण्यासारखं नाही.

अशा या गावात आमच्या सोसायटीतल्या एका पोराला गाडी खाली बसवायची हौस आली. गाडी त्याच्या आजोबांची. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, मूळची मोरपिशी आणि आता कुठला रंग म्हणावा हे ज्याने त्याने ठरवावं अशी. आमचे टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत ती याच घराण्याची. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, गोठा गेला, ही गाडी मात्र पार्किंगच्या कोपऱ्यात आली आणि राहिली. आजोबांना सगळी सोसायटी तात्या म्हणते. संध्याकाळी ते खाली येतात, गाडीचं दार उघडून पुढच्या अख्ख्या सीटवर एक पाय बाहेर सोडून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. गाडी चालू करत नाहीत.

पोरगा एकदा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. स्क्रीनवर एक पद्मिनी होती, इतकी खाली बसलेली की मागचं चाक अर्धं मडगार्डात गेलेलं. "काका," तो म्हणाला, "तुम्ही स्प्रिंगमध्ये होता ना? पुढच्या स्प्रिंगची किती वेटोळी कापू?"

किती पगार मिळतो, हे विचारण्याआधी नोकरी सोडू का असं विचारावं, तसा हा प्रश्न होता. पण पोरगं गुणी. मी त्याला बसवलं.

ही गाडी मुळात इटलीची. फियाटची ११०० ही १९५३ साली आली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायला घेतली. पुढे ती डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. एकेकाळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. टॅक्सी म्हणून तिने जे सोसलं त्याचं श्रेय तिच्या पोटाखालच्या मांडणीला आहे. पुढे दोन्ही बाजूंना वेगवेगळी हलणारी चाकं, त्यांच्यावर वेटोळ्याच्या स्प्रिंगा. मागे सरळसोट एक्सल आणि त्याला यू-बोल्टने आवळलेले कमानपाटे. पुढचं शहाणपण इटलीचं, मागचं बैलगाडीच्या काळापासून चालत आलेलं.

आता वेटोळ्याचं. स्प्रिंग कापली की गाडी खाली येते, एवढं सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट अशी की कापलेली स्प्रिंग ताठ होते. तारेची जाडी तीच, वेटोळ्याचा घेर तोच, पण काम करणारी वेटोळी आठाची सात झाली तर ताठपणा आठास सात या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौदा टक्के. म्हणून गाडी तुम्ही हिशेब केला असतो तितकी खाली येतही नाही, वर धक्के जास्त देते. काही गॅरेजवाले याहून सोपा मार्ग काढतात. गॅसचा टॉर्च घेऊन स्प्रिंग लाल करतात, ती आपोआप बसते, पाच मिनिटांचं काम. स्प्रिंगचं पोलाद तापवून, तेलात बुडवून, पुन्हा बेताने तापवून जो कस आणलेला असतो, तो त्या पाच मिनिटांत जातो. आमच्या कारखान्यात एका बॅचची भट्टी थोडी चुकली तर अख्खी बॅच भंगारात जायची आणि वर ज्याची पाळी असेल त्याची चौकशी. टॉर्चवाल्याची चौकशी कोण करणार?

पोराला हे रुचलं नाही, पण त्याने लिहून घेतलं. मी आणखी एक गोष्ट सांगितली. माणसाला गाडीचा हेलकावा सेकंदाला साधारण एक, सव्वा एवढा असला की बरा वाटतो. आपल्या चालण्याच्या ठेक्याहून थोडा संथ. स्प्रिंग ताठ केली की हा ठेका वाढतो आणि सव्वाचा दोनाकडे सरकला की पोटातलं पाणी हलतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने हे बारकाईने तपासलं. त्याला दिसलं की मागच्या स्प्रिंगांचा ठेका पुढच्यांपेक्षा किंचित जलद हवा. कारण खड्ड्यात आधी पुढचं चाक जातं, मागचं नंतर. मागच्याने थोडी घाई करून पुढच्याला गाठलं की दोघांचा हेलकावा एकत्र संपतो, आणि गाडी नाक वर, नाक खाली करत बसत नाही. नुसती पुढची स्प्रिंग कापणं म्हणजे हा मेळ उलटा करणं.

"पण काका, दिसायला?"

दिसण्याचा मुद्दा मी टाळणार नाही. खाली बसलेली जुनी गाडी सुंदर दिसते. फट बुजली की चाक आणि अंग एकाच वस्तूचे भाग वाटू लागतात. नाहीतर गाडी स्टुलावर चढून उभी असल्यासारखी दिसते. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांतल्या पोरांना हे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच कळलं होतं. त्यांनी जुन्या शेवरलेच्या डिकीत वाळूची पोती घातली, स्प्रिंगा कापल्या आणि शनिवारी संध्याकाळी गाड्या जेवढ्या हळू चालतील तेवढ्या हळू चालवल्या. बाकीची अमेरिका वेगाच्या मागे होती, ही मंडळी मुद्दाम सावकाश. बघणाऱ्याला नीट बघता यावं हाच हेतू. १९५८ पासून तिथे कायदा लागू झाला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या एकाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. हे बंधन कॅलिफोर्नियाने २०२४ पासून काढून टाकलं, म्हणजे भांडण साठ वर्षांवर चाललं. शर्यतीची माणसं मात्र गाडी खाली घेतात ती वळणावर ती झुकू नये म्हणून. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट पळायच्या तेव्हा त्यांची घडण या हिशेबाने व्हायची. आमच्या पोराला हळूही जायचं नव्हतं आणि जोरातही नव्हतं. कोकणे चौकात उभं राहायचं होतं.

आणि कोकणे चौकापर्यंत पोचायचं तर वाटेत गतिरोधक. इथून खरी मौज सुरू झाली.

भारतीय रस्ते काँग्रेसची गतिरोधकाबद्दलची जुनी शिफारस आहे. गोलसर उंचवटा, ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. म्हणजे सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.३४ मीटर. मी कागदावर आकृती काढून दाखवली. अशा उंचवट्यावर गाडी बरोबर मध्ये आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात; पोटाखालची जागा फक्त चार सेंटिमीटर कमी होते. चारच! इतका सभ्य उंचवटा असेल तर गाडी बऱ्यापैकी खाली बसवूनही निर्धास्त जाता येईल. पोरगा खूश झाला.

मग आम्ही टेप घेऊन बाहेर पडलो.

त्या चार-दोन संध्याकाळी मला फार आवडल्या, हे कबूल करायला हवं. सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत आम्हाला एकही ३.७ मीटरचा उंचवटा मिळाला नाही. काँक्रीटचे हातभर रुंदीचे बंधारे मिळाले. पिवळ्याकाळ्या रबराच्या, बोल्टने ठोकलेल्या आणि निम्म्या उखडलेल्या पट्ट्या मिळाल्या. पेव्हर ब्लॉकचा एक चौथरा मिळाला, त्यावर कोणी तरी तुळस ठेवली असती तर शोभली असती. अरुंद उंचवट्याचं गणित अगदी सोपं असतं. तो दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची जेवढी उंची तेवढी सगळी पोटातून वजा. तेरा सेंटिमीटरचा असेल तर तेरा. तिथे ऑइल चेंबर, सायलेन्सर, जे सर्वांत खाली असेल त्याची कसोटी. गाडी तिरकी घातली तर एकेक चाक वेगळं चढतं आणि थोडी सवलत मिळते. पण आमच्या रस्त्यांवर तिरकी घालायला मागून येणारा स्कूटरवाला संमती देत नाही.

टेप धरून वाकलेले दोघं बघून लोक थांबायचे. एकाने मला महापालिकेचा समजून गटाराची तक्रार सांगितली. एका बाईंनी विचारलं, "काढणार का हो हा? माझी पाठ गेली." आणि तिथेच दुसऱ्या बाई म्हणाल्या, "काढाल तर बघा. पोरं शाळेतून येतात." दोघीही बरोबर होत्या.

मोजताना आणखी एक लक्षात आलं. रस्ता सपाट वाटतो, पण नसतो. एका ठिकाणी दोन्ही बाजूंनी नकळत उतार येतो आणि पावसाळ्यात तिथे हमखास पाणी साचतं. उंच गाडीत बसून मी तिथून कितीदा गेलो असेन, कधी जाणवलं नाही. टेप आणि पाणसळ लावल्यावर दिसलं. संध्याकाळी तात्यांना सांगितलं तर ते हसले. "तितं वढा व्हता. पार पवनेला जायचा. आमच्या म्हशी तितंच बसायच्या." ओढा पाइपात घातला, वर रस्ता केला, पण जमिनीने आपला कल सोडलेला नाही. दुसऱ्या एका वळणावर रस्ता विनाकारण हातभर चढतो, तिथे तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे बांध होता, आणि त्या बांधावरून भावकीत कोर्टकचेरी झाली होती. कोर्टात कोण जिंकलं ते त्यांनी सांगितलं नाही. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, जन्मापासून या गावात राहतो. आजोबांचं शेत कुठून कुठपर्यंत होतं हे त्याला त्या आठवड्यात गाडीच्या पोटाच्या चिंतेने कळलं. त्याने मोबाइलमध्ये नकाशा केला. त्यावर दुकानं नव्हती, चौक नव्हते, फक्त उंचवटे, उतार आणि खोलगटी. मी या पट्ट्याचे बरेच नकाशे पाहिले आहेत. औद्योगिक वसाहतीचे, रिंगरोडचे, मेट्रोचे. असा पाहिला नव्हता.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो मुद्दाही घरात निघालाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. आणि २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आली आहे, वीस हजार रुपये फी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण तिथेही चेसिस, बॉडी, इंजिन यांच्यात मोठा बदल केलेला चालत नाही. १९७८ च्या गाडीची पन्नाशी जवळ आलेली. पोरगा म्हणाला, "म्हणजे ओरिजिनल ठेवायला पाहिजे." हे वाक्य तात्यांनी ऐकलं.

"वरिजनल?" तात्या म्हणाले. "आरं, वरिजनल कुठं हाय ती?"

तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. गाडी घेतली तेव्हा तात्यांची शेती जोरात होती. पहाटे भाजी पिंपरीच्या मंडईत न्यायची. टेम्पोवाला दर वाढवायचा, वेळेवर यायचा नाही. मग तात्यांनी मागची सीट काढली आणि फियाटमध्ये पोती भरायला सुरुवात केली. मेथी, कोथिंबीर, हंगामात वांगी, येताना पेंड. दुधाचे कॅन वेगळे. मागचे पाटे बसले, टायर मडगार्डला घासू लागलं. तेव्हा नाशिक रस्त्याच्या कडेला ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने कुठल्याशा जीपचा पाटा कापून, कमान देऊन दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. पुढे नाक खाली दिसायला लागलं म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे गट्टू ठोकले. तशी ती उंच झाली आणि तशीच राहिली. शेती गेली, सीट परत बसवली, लग्नात नवरदेव नेले, पण पाटा काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. गाडीच्या मागच्या बाजूची ती ऐट, जी मी इतकी वर्षं कुर्ल्याची समजत होतो, ती मंडईची होती.

आम्ही गाडी मोशीच्या पुढे घेऊन गेलो. नाशिक रस्त्याला त्या बाजूला कमानपाट्यांची दुकानं अजून आहेत. चाकणला जाणाऱ्या ट्रकांवर त्यांचा संसार चालतो. त्याच रस्त्यावर पुढे कुरुळीला गॅब्रिएलचा शॉक अॅबसॉर्बरचा कारखाना आहे, यंत्रांनी भरलेला. इथे मात्र एक ऐरण, एक घण, एक जॅक आणि गाडीखाली सरकायला पुठ्ठा. कारागिराने यू-बोल्ट सोडले, मधला बोल्ट काढला आणि पाटे एकेक करून जमिनीवर मांडले. जीपचा पाटा लगेच ओळखू आला. बाकीच्यांवर गंज सारखा चढलेला, या एकाच्या कडा कापताना पडलेल्या खुणांसकट वेगळ्या. त्याने मूळ पाटे घासले, ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं, बुश नवे घातले. पुढचे रबरी गट्टू काढायला जास्त वेळ लागला. ते इतक्या वर्षांत दगड झाले होते.

जादाच्या पाट्याचं काय करायचं? कमानपाट्याचं पोलाद उत्तम असतं. खेड्यातले लोहार त्याचेच कोयते आणि खुरपी करतात. तात्यांनी कोयता करून आणायला सांगितलं होतं. कारागीर हात जोडून म्हणाला, "साहेब, कोयता नका सांगू. आजकाल विकताना आधार कार्ड मागायची वेळ आलीय." त्यामुळे दोन खुरपी झाली. तात्यांनी ती गॅलरीतल्या कुंड्यांसाठी ठेवली आहेत, आणि कुंडीच्या मानाने ती बरीच मोठी आहेत.

गाडी खाली उतरवली आणि चाकं जमिनीला लागली तेव्हा मागची बाजू जवळजवळ दोन इंच खाली आली होती, पुढची एक. एकही वेटोळं न कापता. फट बुजली नव्हती, पण गाडी स्टुलावरून उतरली होती. पोराने फोटो काढले, लांब जाऊन, बसून, आडवं पडून. मग जुन्या जाहिरातींशी ताडून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "काका, ही तर स्टॉकच झाली की."

"झाली."

"म्हणजे मी हिला लो केलीच नाही."

मी काही बोललो नाही. गाडी येताना वेगळी चालत होती, एवढं त्यालाही मान्य होतं. पूर्वी रिकामी असताना मागचं अंग प्रत्येक खड्ड्यावर उडायचं, कारण पोत्यांसाठी घातलेला ताठपणा दोन माणसांच्या वजनाला दाद देत नव्हता. आता ती खड्डा घेते आणि एकदाच हेलकावते. तेराच्या बंधाऱ्यावर मात्र सायलेन्सर एकदा हळूच घासला, आणि मी आणि पोरगा दोघांनीही श्वास रोखला.

तात्यांनी गाडी पार्किंगमध्ये पाहिली, भोवती फिरले. त्यांना ती आवडली नाही. "माझी गाडी उंच व्हती," म्हणाले. दार उघडून बसले. बसताना गुडघ्याला त्रास झाला, उठताना जास्त झाला. त्यांनी नातवाकडे पाहिलं. त्या नजरेत दोन इंचांचा पूर्ण हिशेब होता.

सध्या प्रकरण इथे आहे. पोराला अजून खाली हवी आहे, पण आता त्याला टॉर्च नको, करवत नको. भोसरीत एक जण ड्रॉइंग दिलं तर दोन स्प्रिंगासुद्धा वळून देतो, तापवून, तेलात बुडवून, रीतसर. ड्रॉइंग मी करतो आहे. तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, टोकं कशी घासायची, सगळं लिहून झालं. मोकळ्या लांबीचा रकाना तेवढा रिकामा आहे. नातू दीड इंच कमी म्हणतो, तात्या अर्ध्या इंचावर अडले आहेत, तेही गुडघ्याच्या डॉक्टरला विचारून. एका इंचावर तोडगा निघेल असं परवापर्यंत वाटत होतं. परवा तात्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "आन् उद्या मागं चार पोती टाकायची झाली तर?"

कसली पोती, असं विचारायची आमच्यापैकी कुणाचीच छाती झाली नाही. नातवाने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात चार पोत्यांचं वजन मांडायला लागला.